मिळकत पुढच्या पिढीच्या हाती देताना: मराठवाड्यातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आजोबांकडे 40 एकर होती. त्यांना चार मुलं, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला 10 एकर आली. त्या चौघांना तीन-तीन मुलं झाली आणि एकेकाकडे 3 एकर 13 गुंठे उरले. आता त्यांच्याही घरात दोन-दोन पोरं आहेत. त्यांच्या नावावर लागेल ती 1 एकर 26 गुंठे. यात लेकींचा हिस्सा धरलेलाच नाही, कारण आजवर तो कुणी धरतच नव्हतं. हा हिशेब कुठल्या एका घराचा नाही. जालन्यापासून नांदेडपर्यंत कोणत्याही गावात पारावर बसून मांडा. आकडे थोडे इकडंतिकडं होतील, उतार तोच राहील.

दुष्काळानं घरं बसली हे खरंच. पण 1972 चा दुष्काळ खडी फोडून काढलेली, 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्षही सोसलेली कितीतरी घरं पुढं वाटणीत मोडली. पाऊस एक हंगाम घालवतो. भावाभावांतला दिवाणी दावा अख्खी उमेद खातो, आणि तेवढ्या काळात ना विहीर खोल होते, ना कुणी बांधावर एक झाड लावतं. म्हणून जास्त पैसा कसा कमवावा हे या लेखात फारसं नाही. जे आहे ते पुढच्या हातात नीट कसं द्यायचं आणि त्याबरोबर कोणती रीत द्यायची, तेवढंच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तीन-तीन पिढ्या टिकलेल्या घरांत मला एक संस्कार हमखास दिसतो: हिशेब सगळ्यांसमोर उघडा असतो. बाकीचे संस्कार त्याच्या मागून चालत येतात.

पायरी 1: पेटीतले कागद बाहेर काढा

प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. किल्ली एकाच माणसाकडे असते, आणि तो गेला की कुठला कागद कशाचा हे सांगणारं कुणी उरत नाही. घरातली म्हातारी माणसं जवळ बसलेली असतानाच ती पेटी उघडा. कागद दाखवत विचारा, पोरांपैकी एकाला लिहायला बसवा.

आपल्याकडच्या कागदांची गोष्ट उरलेल्या महाराष्ट्राहून वेगळी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. काही जुने कागद मोडीतही सापडतात. पुढं 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आला, इनामं खालसा झाली, 1954-55 च्या सुमारास खासरा पाहणी पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या नावावर याची गाववार नोंद, तयार झालं. आजचा सातबारा त्यावर उभा आहे. त्यामुळं तपासणी आजपासून मागं नेत जा: आधी चालू सातबारा आणि आठ अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), मग सातबाऱ्यावर लिहिलेल्या एकेका फेरफाराची, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीची, नक्कल, आणि शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रकाची नक्कल. उर्दू किंवा मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेऊन मराठी लेखी मजकूर मूळ कागदाला जोडून ठेवा. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा किती घरांना कळलं की पणजोबांचा कागद आहे, पण तो वाचणारं घरात कुणी नाही.

सातबाऱ्यावर क्षेत्र आणि नाव सगळेच बघतात. तुम्ही आणखी चार गोष्टी बघा. जमीन भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2? वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा आहे का? असला, तर ती जमीन त्याच्या एकट्याची नाही. तो घराच्या वतीनं नाव लावून बसला आहे. दोन पिढ्यांनी हा शेरा विसरला की थोरल्याची नातवंडं ती जमीन आपलीच समजतात आणि धाकट्याची कोर्टात जातात. तिसरं, ‘अ.पा.क.’ हा अज्ञान पालनकर्त्याचा, म्हणजे अल्पवयीन पोराच्या पालकाचा, शेरा. ज्याच्यासाठी तो घातला ते पोर आज पन्नाशीचं झालेलं असतं, शेरा तसाच. चौथं, इतर हक्कात फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून आहे का? सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) देऊन तो उतरवून घ्यावा लागतो, आपोआप उतरत नाही.

मयत माणसाचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर ते काम सगळ्यात आधी करा. राज्य सरकारनं 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या तलाठ्याकडं, किंवा ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज देता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि सरकारी कामाला चालतो.

कागदांच्या दोन प्रती काढा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गावंच्या गावं ढिगाऱ्यात गेली. घरातच ठेवलेली एकुलती एक प्रत अशा वेळी घराबरोबरच जाते. मोबाईलमधले फोटोही चालतील, पण फोन एकाचाच नको.

पायरी 2: वर्षातून एकदा सगळ्यांची बैठक

बैठकीला दिवस ठरलेला असला की ती होते. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला, आपल्या येळवसेला, पुण्या-मुंबईची माणसंही शेतात येतात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, सगळं गोत एका जागी. दुपारी जेवणं झाल्यावर एक तास काढायचा. जिथं येळवस नाही तिथं गुढीपाडवा घ्या. सालगड्याचं साल पाडव्यालाच बदलायचं, म्हणजे हिशेबाचा दिवस म्हणून तो जुनाच आहे.

बैठकीत एकानं वर्षाचं वाचून दाखवायचं: काय पिकलं, आडतीच्या पट्ट्या (अडत्यानं दिलेल्या विक्रीच्या पावत्या) किती रुपयांच्या, खर्च किती, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, कुठं किती ठेव. वाचणारा दरवर्षी वेगळा असावा. यात सुना, लेकी आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं बसलीच पाहिजेत. ‘बायकांना त्यातलं काय कळतं’ असं म्हणणाऱ्या घरात कर्ता माणूस अचानक गेला, की बायकोला कर्जाचा आकडा दहाव्याला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून कळतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं असताना एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथ रात्रभर हिशेबाला बसले होते, अशी कथा आहे. पैठणच्या नाथांची शांती सगळे सांगतात. माझ्या मते घरात सांगायची कथा ही पैची.

पायरी 3: राबणारा भाऊ आणि नोकरीवाला भाऊ

सगळ्यात जास्त घरं इथं फुटतात, म्हणून इथं थोडं थांबू. एक भाऊ गावात. आई-बाप त्याच्याकडं, ढोरं त्याच्याकडं, रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला तोच उठतो. दुसरा पुण्यात किंवा संभाजीनगरात नोकरीला. गावातल्याला वाटतं, मी सगळ्यांचं करतो आणि हिस्सा मात्र सारखा. पुण्यातल्याला वाटतं, माझ्या वाट्याच्या जमिनीचं आजवर एक पोतं आलं नाही. दोघंही खरं बोलत असतात. दोघंही ते एकमेकांशी बोलत नाहीत, बायकांशी बोलतात.

यावर तोडगा आकड्यांचा आहे. नियम असा: आधी राबणाऱ्याची मजुरी, मग जमिनीसाठी राखीव, उरलं ते हिश्श्यानं. समजा 10 एकर सोयाबीन, एकरी 7 क्विंटल उतारा, म्हणजे 70 क्विंटल. भाव 4,500 मिळाला तर 3,15,000 रुपये. बी, खत, फवारणी, कापणी, मळणी धरून एकरी 18,000 खर्च, म्हणजे 1,80,000. उरले 1,35,000. गावातल्या भावाच्या हंगामभराच्या देखरेखीचे आणि कामाचे 60,000 धरा. ते त्याचे, त्यात वाद नाही. राहिले 75,000. त्यातले 25,000 जमिनीच्या नावानं बाजूला काढा: बांधबंदिस्ती, मोटार, पाईपलाईन, विहिरीचा गाळ. शेवटी वाटायला 50,000, म्हणजे प्रत्येकी 25,000.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की दोन गोष्टी होतात. पुण्यातल्याला कळतं की गावाकडं लाखांचा ढीग पडलेला नाही. गावातल्याला पहिल्यांदा आपल्या घामाचा आकडा दिसतो, आणि तो मान्य झालेला दिसतो. आकडे तुमच्या गावचे, तुमच्या पिकाचे घाला. कपाशी असेल तर वेचणीची मजुरी वेगळी धरा.

आई-बापाच्या दवाखान्याचा खर्च या हिशेबात मिसळू नका. त्याचं वेगळं खातं, त्यात सगळ्या भावंडांनी महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, आणि ज्याच्या घरी आई-बाप राहतात त्याला त्यात सूट. सेवेला पैशात मोजू नये, हे ऐकायला छान वाटतं. पण ज्या सुनेनं सासूचं अंथरुण दोन वर्षं सावरलं तिच्या वाट्याला वाटणीच्या वेळी एक शब्दही येत नाही, तेव्हा ते छान वाटत नाही.

पायरी 4: वाटणी करा, पण शेत फोडू नका

वाटणीला लोक भितात, कारण वाटणी म्हणजे भांडण असं डोक्यात बसलं आहे. भांडण होतं ते न लिहिलेल्या वाटणीचं. ‘धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडं तू, पलीकडं मी’ असं तोंडी ठरतं, वीस वर्षं चालतं, आणि पुढची पिढी ते मानत नाही.

कागदावर नावं वेगळी करायची आणि वहिती शक्यतो एकत्र ठेवायची, हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. पाच एकर सलग असली तर ट्रॅक्टर फिरतो, एक विहीर पुरते, बाग लावता येते. तीच जमीन चार चिंचोळ्या पट्ट्यांत गेली की धुऱ्यातच जमीन जाते आणि चार बोअर एकमेकांचं पाणी ओढतात. एक भाऊ कसेल, बाकीचे त्याला बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्यानं (वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर) देतील. पण बटई असो की ठोका, दरवर्षी लेखी, दोघांच्या सहीनं.

कायदेशीर वाट सरळ आहे. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो. दुसरा मार्ग नोंदणीकृत वाटणीपत्राचा, दुय्यम निबंधकाकडं. एक जण जरी राजी नसेल तर मग दिवाणी कोर्ट, आणि तिथली वर्षं मोजण्यात अर्थ नाही. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष क्षेत्र यात फरक निघाला तर तो वाटणीच्या आधी निघालेला बरा. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा अजून लागू आहे. 2023 च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं. त्याहून लहान तुकडे पाडण्याच्या फंदात पडू नका.

वाटणीपत्रात जमीन तर येतेच. जे राहून जातं ते हे: विहीर कुणाच्या गटात आणि पाण्याची पाळी कशी, कुणाचे किती दिवस, दिवसाची लाईट की रात्रीची. मोटारीचं बिल कुणाच्या नावावर. पाईपलाईन कुणाच्या रानातून जाते. मागच्या गटाला वाट कुठून आणि किती फूट रुंद. शेतावरचा आखाडा, गोठा, आंब्याची आणि चिंचेची झाडं. गावातलं घर, त्यासमोरचं अंगण, आणि आईला हयातभर राहायला कोणती खोली. विहिरीतल्या हिश्श्याची आणि वाटेची नोंद इतर हक्कात करून घ्या. वाट लिहिली नसेल आणि पुढं अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण सख्ख्या भावावर तो अर्ज द्यायची वेळ का आणायची?

माझ्या नावावरची जमीन भावाच्या ताब्यात आणि त्याच्या नावावरची माझ्या ताब्यात, असा घोळ मराठवाड्यात फार आहे. ताबा किमान 12 वर्षांचा असेल तर सलोखा योजनेत नाममात्र मुद्रांक आणि नोंदणी शुल्कात अदलाबदल होते. योजनेला मुदत असते आणि ती वाढवली जाते, तेव्हा तहसीलमध्ये आज ती चालू आहे का हे विचारून मगच कागद तयार करा.

पायरी 5: लेकींचा हिस्सा

कायदा काय म्हणतो ते आधी. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे; 9 सप्टेंबर 2005 ला बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली नोंदणीकृत किंवा कोर्टाची वाटणी मात्र उघडता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. मुस्लिम घरांत वाटप शरियतप्रमाणे होतं, तिथंही लेकीचा वाटा ठरलेला आहे आणि तिथंही तो बऱ्याचदा कागदावरच राहतो.

प्रत्यक्षात काय होतं? बहिणीला राखीपौर्णिमेला बोलावतात, साडी-चोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. ती देते, कारण माहेर तुटेल ही भीती. सही स्वखुशीनं असेल तर त्यात बेकायदा काही नाही. पण काय सोडते आहे हे तिला आकड्यात सांगितलेलं असावं: किती गुंठे, आजचा भाव काय. एवढं ऐकून तिनं सोडलं तर तो तिचा मोठेपणा. न सांगता घेतलं तर पुढं भाचे विचारायला येतातच.

हिस्सा द्यायचा पण शेत फोडायचं नाही, असंही जमतं. भावानं बहिणीच्या वाट्याची किंमत हप्त्यानं द्यावी, किंवा नाव तिचं ठेवून दरवर्षी ठोक्याचे पैसे तिच्या खात्यात टाकावेत. भावांची नेहमीची धास्ती अशी की जमीन जावयाच्या घरी जाईल. तर हिंदू वारसा कायद्यात आई-बापाकडून वारशानं आलेली जमीन, त्या बाईला मूलबाळ नसेल आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर बापाच्या वारसांकडं परत येते. बक्षीसपत्रानं दिली असेल तर ही सवलत नाही. वकिलाला हा फरक विचारून मगच कागदाचा प्रकार ठरवा.

सुनेचाही विचार करा. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. 1992 पासून ही सोय आहे. शेतावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा राबणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसणं, यात घराची कसली अब्रू?

पायरी 6: कर्ज, आणि कर्जासाठी केलेलं खरेदीखत

पीककर्ज 3 लाखांपर्यंत घेऊन मुदतीत फेडलं, तर केंद्राच्या आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळं ते बिनव्याजी पडतं. एवढं स्वस्त भांडवल दुसरीकडं नाही. तरी माफीच्या आशेनं ते थकवतात, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, पुढच्या वर्षी बँक दारात उभं करत नाही आणि माणूस सावकाराकडं जातो.

सावकार गहाणखत करत नाही, खरेदीखत करून मागतो. ‘पैसे फेडले की जमीन परत करून देतो’ हे तोंडी. या कागदावर सही करू नका, कितीही नड असो. आधीच झालेली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार त्यांना आहे.

घराचा नियम एवढाच ठेवा: बैठकीत न सांगता कुणी कर्ज काढायचं नाही आणि कुणाला जामीन राहायचं नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हीही यात आली.

पायरी 7: जमिनीबाहेर काहीतरी असू द्या

जिरायत शेतीवर उभं घर पावसाच्या हातात असतं. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. दहा-पंधरा वर्षांची झाडं लोकांनी कुऱ्हाडीनं तोडली. ज्यांच्याकडं बागेबाहेर थोडा पैसा होता त्यांनी पुन्हा लावल्या.

आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. मग विमा: कर्त्या माणसाचा साधा टर्म विमा, आणि निदान 436 रुपयांचा जीवनज्योती व 20 रुपयांचा सुरक्षा विमा तरी. मग दीर्घ मुदतीचं. पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ. महिन्याला 5,000 टाकले तर 7.1 टक्के व्याज कायम राहिल्यास 15 वर्षांत 9 लाखांचे सुमारे 16 लाख होतात. लेक दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी. म्युच्युअल फंडात जायचं तर समजून घेऊन, आणि पुढची सात-आठ वर्षं ज्या पैशाला हात लावायचा नाही तेवढाच.

ठेवी कुठं ठेवता हे व्याजदरापेक्षा महत्त्वाचं. बँक बुडाली, अगदी सहकारी बँकही, तर प्रत्येक ठेवीदाराच्या 5 लाखांपर्यंतच्या रकमेला विमा असतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला हा विमा नाही. गेल्या काही वर्षांत बीड आणि संभाजीनगरकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्त शिक्षकांनी, विधवांनी, ऊसतोड करणाऱ्यांनी ठेवलेले पैसे अडकले.

लग्नाबद्दल थोडक्यात. दोन एकर विकून केलेलं लग्न गावाला आठवडाभर आठवतं. लग्नासाठी जमीन विकायची नाही, हा ठराव बैठकीत करून ठेवा. एकट्या बापाला ‘नाही’ म्हणणं जड जातं, घराचा ठराव असला की त्याला आधार मिळतो.

पायरी 8: मावेजा (जमिनीची सरकारी भरपाई) आला तर

समृद्धी महामार्गात जालना-संभाजीनगरची, शेंद्रा-बिडकीनला उद्योगांसाठी, ठिकठिकाणी तलावात आणि रस्त्यात जमीन गेली आणि घरात एकदम मोठी रक्कम आली. पुढंही येईल. जमीन एकदाच जाते. तो पैसा म्हणजे जमिनीचंच दुसरं रूप आहे, हे धरून वागा.

हिस्से पैसे यायच्या आधी ठरवा, बहिणींसकट. हिश्श्याचा वाद निघाला की रक्कम कोर्टात जमा होते आणि तिथंच राहते. पैसे आले की सहा महिने काहीही विकत घ्यायचं नाही. रक्कम दोन-तीन बँकांत मुदत ठेवीत. त्या काळात गाडीवाले, प्लॉटवाले, दामदुप्पटवाले आणि जुने वर्गमित्र सगळे येऊन जातात. नंतर निम्म्याहून जास्त रकमेची पाणी असलेली जमीन किंवा भाडं देणारी मिळकत घ्या, कर्ज फेडा, उरलेलं पोरांच्या शिक्षणाला. चारचाकी घ्यायचीच असेल तर व्याजातून घ्या.

पायरी 9: मृत्युपत्र

मृत्युपत्र केलं की मरण जवळ येतं, असं मानणारी माणसं आपल्याकडं आहेत. ते साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडं करून घ्यावी. साक्षीदार वारसांपैकी नसावेत, वयानं आपल्यापेक्षा लहान असावेत. वयस्कर असेल तर फॅमिली डॉक्टरचा शुद्धीत असल्याचा दाखला जोडावा. स्वकष्टार्जित मिळकत हवी तशी देता येते, वडिलोपार्जित मिळकतीत फक्त आपला हिस्सा. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्रानं साधारणपणे एक तृतीयांशच देता येतं.

नॉमिनी लावला म्हणजे मालक ठरला, असं नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. मृत्युपत्र आणि नॉमिनी एकमेकांशी जुळवून घ्या.

आणि मृत्युपत्रात काय आहे ते हयातीतच पोरांना सांगा. कुणाला कमी दिलं असेल तर कारण स्वतःच्या तोंडानं. बापानं सांगितलेली कटू गोष्ट पोरं पचवतात; वकिलानं वाचून दाखवलेली पचवत नाहीत.

पायरी 10: पोरांच्या हाती काय द्यायचं

लातूरच्या शिकवणीला वर्षाला लाखभर भरणारा बाप पोराला आडतीची पट्टी वाचायला शिकवत नाही. हमाली, तोलाई, बारदान, कडता (वजनातली कपात), हे शब्द त्याला बारावीच्या आधी कळायला हवेत. एक हंगाम एक एकर त्याच्या नावानं पेरा. खर्च-उत्पन्न त्यानं लिहायचं, नफा त्याचा, तोटाही त्याच्याच खिशातून थोडा. लेकीलाही हेच.

मजुराची मजुरी ठरल्या दिवशी द्यायची, ती पोराच्या हातून द्यायची. बाजारच्या दिवशी मजूर बाई दारात उभी आहे आणि बाप ‘परवा ये’ म्हणतो, हे पोर पाहतं आणि तेच उचलतं. शाळेत शिकवलेलं मूल्यशिक्षण त्यापुढं टिकत नाही.

पायरी 11: माणूस गेल्यावरचे पहिले तीन महिने

दिवसकार्य चालू असतानाच एकानं कागदांचं काम अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती. नाव आधारप्रमाणेच लिहिलं आहे का ते तिथंच वाचून घ्या. ‘ज्ञानोबा’चा ‘ज्ञानदेव’ झाला की पुढं प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. विम्याचे दावे लगेच. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाखांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज. बँका, सोसायटी, वीज कनेक्शन, पीकविमा यांना कळवणं.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. त्यात बायको, आई, सगळे लेक आणि सगळ्या लेकी, नांदायला गेलेल्याही, प्रत्येकाचं नाव आणि पत्ता घाला. एक नाव वगळलं तर फेरफार आज मंजूर होईल आणि दहा वर्षांनी अपिलात जाईल. अर्ज झाल्यावर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित फेरफाराची नक्कल आणि नवा सातबारा काढा, त्यावरची नावं अर्जाशी ताडून पाहा, आणि एक-एक प्रत प्रत्येक वारसाला पाठवा, हक्क सोडणार म्हणालेल्या बहिणीलासुद्धा.